दुर्गेला दुष्ट म्हणण्याआधी



२०१२ साली झी मराठीवर ‘उंच माझा झोका’ मालिका सुरू झाली, तेव्हा आमच्या सिहोऱ्यात बायकांचा निकाल ठरलेला असे: रमा गुणी, माधवराव देवमाणूस आणि रमाच्या शिकण्यावरून टोचून बोलणारी नणंद दुर्गा दुष्ट. मला मात्र दुर्गेची कीव यायची.

त्या काळाकडे पाहा. विधवाविवाहाचा कायदा १८५६ सालचा. न्यायमूर्ती रानडे त्या चळवळीत पुढे होते. तरी १८७३ मध्ये पहिली पत्नी वारल्यावर त्यांनी वडिलांच्या हट्टापुढे मान तुकवली आणि एकतिसाव्या वर्षी ११ वर्षांच्या रमाशी लग्न केले. बहीण दुर्गा विधवाच राहिली. कायदा झाला, भाऊ सुधारक झाला, पण तिचा संसार काही पुन्हा मांडला गेला नाही. विधवेचा घरातला मान तेव्हा सोवळ्याओवळ्यावर आणि स्वयंपाकघरावर टिकलेला. पुस्तक हाती घेतलेली वहिनी तिला कशी सोसावी? टोमणे वाईटच, पण दोष एकटीचा नव्हता.

हे रमाबाईंनी ओळखले असावे. १९०९ मध्ये पुण्यात सुरू झालेल्या सेवासदनात विधवाही शिकल्या, परिचारिका आणि शिक्षिका झाल्या. आपल्या समाजातही, स्वतः विधवा असलेल्या मगनबाईंनी मुंबईत श्राविकाश्रम काढला.

तेव्हा घरातली एखादी आत्या किंवा काकू सतत करवादत असेल, तर तिला नावे ठेवण्याआधी एवढे विचारा: हिला शिकायचे होते का, आणि कोणी शिकू दिले का?