ताडी दोन आण्यांची

आज पुन्हा 1739 च्या वसई मोहिमेपासून सुरुवात करू. धारावी बेट, म्हणजे आपला आजचा भाईंदर-उत्तनचा पट्टा, चिमाजी आप्पांच्या फौजेनं त्याच मोहिमेत घेतलं. मे महिन्यात वसई पडली आणि 1534 पासूनची पोर्तुगीज सत्ता इथून गेली. पाव मात्र राहिला. तो कोणी आणला हे सगळे सांगतात. इथे तो फुगला कशानं, हे फारसं कोणी विचारत नाही.

तो फुगला ताडीवर. झाडावरून उतरवलेला रस काही तासांत आपोआप आंबतो, त्यातलं यीस्ट साखर खातं, वायू सोडतं, आणि तोच रस पिठात घातला की पीठ वर येतं. गोव्यातले पोदेर तिला सूर म्हणत. उत्तन-डोंगरीच्या ईस्ट इंडियन घरांत (हे नाव समाजानं 1887 मध्ये घेतलं, व्हिक्टोरिया राणीच्या राज्याला पन्नास वर्षं झाली तेव्हा) लग्नासणाच्या फुग्या याच ताडीवर फुगायच्या. फुगी तळतात, भट्टीत भाजत नाहीत, पण तिचं पीठ पावाच्याच कुळातलं.

आता घरची गोष्ट. माझी नात अमिश लोकांच्या पावाच्या मागे लागली होती. हा ख्रिस्ती पंथ 1693 च्या सुमाराला स्वित्झर्लंड-अल्सास भागात वेगळा झाला, पुढच्या शतकात पेनसिल्व्हेनियात गेला, आणि आजही घोडागाडी वापरतो. त्यांच्या नावानं एक ‘मैत्रीचा पाव’ चालतो: आंबवलेलं पीठ बरणीत पोसायचं, थोडं ठेवून बाकीचं शेजाऱ्यांना वाटायचं. गंमत म्हणजे त्या कृतीत पुडिंगची तयार पावडर पडते! परंपरा किती जुनी, ते तुम्हीच ठरवा.

आमच्या विहीणबाई उत्तनच्या. त्या म्हणाल्या, “अमिशचं राहू दे गं, आधी फुग्या शीक.” रविवारी सगळे ओट्याभोवती जमलो. मैदा, अंडी, नारळाचं दूध, आणि यीस्ट, कारण ताडी आणायची कुठून? पीठ हातानं फेटायचं, हात भरून येईपर्यंत. मी घड्याळ लावून बसलो होतो. “प्रोफेसरसाहेब, घड्याळ काय बघता? पिठाला हात लावून बघा.” मग मुठीतून, अंगठ्याशेजारून पिठाचा गोळा दाबून बाहेर काढायचा आणि कढत तेलात सोडायचा. नातीचे पहिले दहा-बारा गोळे शेपटीवाले निघाले. खाल्ले सगळे.

विहीणबाईंनी त्यांच्या आईची वही आणली होती. त्यात मैदा शेरात, अंडी नगावर, आणि पुढे एवढंच: ताडी दोन आण्यांची.

हे माप नीट बघा. मी आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, पण पदार्थाचं ‘उपादान कारण’ इतक्या सरळ लिहिलेलं क्वचितच पाहिलं. अमिश नावाची बरणी फ्रीजमध्ये राहते, घर आपलं आपण पाव करू शकतं. ताडी साठवता येत नाही. म्हणजे फुगीसाठी त्याच दिवशी कोणीतरी झाडावर चढलेला हवा, आणि तो आपल्या घरातला नसणार. आपल्या किनाऱ्यावर हे काम मुख्यतः भंडाऱ्यांचं. ख्रिस्ती घरातलं लग्न हिंदू भंडाऱ्याच्या कोयत्यावर अवलंबून! धर्मांतरानं पंगती वेगळ्या केल्या. ही देवाणघेवाण शिल्लक राहिली.

ती मोडली ती कायद्यानं, असं माझं मत. 1878 च्या मुंबई अबकारी कायद्यानं झाड छेदणं परवान्यात आणि करात अडकवलं. 1949 चा दारूबंदी कायदा त्याच्याही पुढे गेला. सरकारच्या डोळ्यासमोर दारू होती, पाव नव्हता. पुढे यीस्टची पुडी आली, सोयीची आली, आणि भंडाऱ्याची गरज संपली. चव? विहीणबाई म्हणतात, ताडीचा किंचित आंबूस गोडवा यीस्टला नाही. माझ्याकडे तुलनेला ताडी नाही, त्यांच्या जिभेवर विश्वास ठेवतो.

नातीनं त्या ओळीखाली पेन्सिलीनं ‘यीस्ट, एक चमचा’ लिहिलं आहे. नव्या पैशांचं चलन 1957 चं, तेव्हा आण्यांतली वही साधारण त्याआधीची. तुमच्या घरी अशी वही असेल, कोणत्याही समाजाची, तर मापं कशात दिली आहेत ते बघा, आणि व्याख्यानानंतर मला जरूर दाखवा.