संगणकाचे शब्द आणि त्यांचीं कुळें

‘कॉम्प्यूटर’ हें मुळांत यंत्राचें नांव नव्हे. तें माणसाच्या हुद्द्याचें नांव होतें. सतराव्या शतकापासून इंग्रजींत आंकडेमोड करणाऱ्या माणसाला हा शब्द लावीत आले. जहाजांना लागणारीं कोष्टकें, ग्रहांचीं गणितें, जमिनीची मोजणी, या सर्वांसाठीं असे लोक पगार देऊन ठेवलेले असत. ज्या वडील मंडळींना या यंत्राची भाषा परकी वाटते, त्यांनीं एवढें जरी ध्यानांत घेतलें, तरी निम्मी भीति ओसरण्यासारखी आहे.

हिंदुस्थानांतहि हा हुद्दा होता. राधानाथ सिकदार हे बंगाली तरुण १८३१ सालीं त्रिकोणमितीय मोजणी खात्यांत ‘कॉम्प्यूटर’ म्हणून दाखल झाले आणि १८४९ सालीं कलकत्त्याच्या कचेरींत या गणकांचे प्रमुख झाले. हिमालयाच्या शिखरांची उंची फार दूरच्या ठाण्यांतून कोन मोजून काढावी लागे. हवेंतून येतांना प्रकाश वांकतो, पृथ्वीचा पृष्ठभाग गोल आहे. प्रत्येकासाठीं दुरुस्ती करावयाची, आणि तीहि सारी कागदावर. या गणितांतून १८५२ च्या सुमारास १५ क्रमांकाचें शिखर सर्वांत उंच असल्याचें दिसून आलें. १८५६ सालीं त्याची उंची २९,००२ फूट म्हणून जाहीर झाली, आणि १८६५ सालीं त्या शिखराला खात्याच्या एका निवृत्त प्रमुखाचें, एव्हरेस्ट यांचें, नांव मिळालें. सिकदार धांवत साहेबांच्या खोलींत शिरले व जगांतील सर्वांत उंच शिखर सांपडलें म्हणाले, ही कथा मोठ्या रंगानें सांगितली जाते. तिला भक्कम आधार नाहीं, आणि हें गणित एकट्या माणसाचें नव्हतेंहि. दुसरी एक गोष्ट मात्र साधार आहे, व ती अधिक बोचणारी आहे. मोजणीशास्त्रावरील खात्याच्या १८५१ च्या ग्रंथाच्या प्रस्तावनेंत सिकदारांच्या साहाय्याचा स्पष्ट उल्लेख होता. १८७० सालीं ते वारले. १८७५ च्या आवृत्तींत तो उल्लेख नाहींसा झाला. त्यांचें लिखाण मात्र ग्रंथांत तसेंच राहिलें.

पुढें शंभर वर्षांनीं, अमेरिकेंत फिलाडेल्फिया येथें, याच प्रकारची पुनरावृत्ति झाली. महायुद्धाच्या काळांत तोफगोळ्यांचे मार्ग काढण्यासाठीं तेथील विद्यापीठांत तरुण स्त्रियांना गणक म्हणून नेमलें होतें. एका मार्गाचें गणित करावयास वीस तासांहून अधिक वेळ लागे. तेंच काम अर्ध्या मिनिटांत करणारें ‘एनिॲक’ हें यंत्र १९४६ च्या फेब्रुवारींत लोकांना दाखविण्यांत आलें. त्यांत सुमारें १८,००० निर्वात नळ्या होत्या व त्याचें वजन ३० टनांच्या घरांत होतें. या यंत्राला कामाचा क्रम लावून देणें, म्हणजे आज ज्याला ‘प्रोग्रॅम’ म्हणतात तो रचणें, हें काम त्या गणकांपैकीं सहा स्त्रियांनीं केलें. समारंभांत यंत्राचें कौतुक झालें. या सहाजणींचें नांव कोणीं घेतलें नाहीं. माणसाचा हुद्दा यंत्राला गेला, आणि माणसें छायाचित्रांच्या कडेला उभीं राहिलीं. त्यांचा जाहीर सन्मान व्हावयास १९९७ साल उजाडावें लागलें.

मराठींतहि गंमत अशीच आहे. ‘गणक’ म्हणजे ज्योतिषी, हिशेब करणारा माणूस. त्याला ‘सं’ हा उपसर्ग लागतांच तो यंत्र झाला!

आतां या यंत्राच्या पोटांतील दोन शब्द. यंत्राला दोनच खुणा कळतात: एक आणि शून्य. अशा एका खुणेला ‘बिट’ म्हणतात. क्लॉड शॅनन यांच्या १९४८ च्या निबंधांत हा शब्द छापून आला, आणि तो सुचविल्याचें श्रेय त्यांनीं जॉन टुकी यांना दिलें आहे. (हा प्रामाणिकपणा वरच्या दोन्ही प्रकरणांशीं ताडून पाहण्यासारखा आहे.) आठ बिटांचा गट म्हणजे ‘बाइट’. वर्नर बुखहोल्ट्झ यांनीं १९५६ सालीं हा शब्द काढतांना इंग्रजी स्पेलिंग मुद्दाम बदललें, कारण एक अक्षर गळलें कीं त्याचा ‘बिट’ व्हावयाचा. एका बाइटांत २५६ निरनिराळ्या खुणा मावतात. इंग्रजीला तेवढ्या पुरून उरतात. देवनागरीच्या एका खुणेला मात्र आजच्या प्रचलित लेखनपद्धतींत तीन बाइट लागतात. ‘मराठी’ या शब्दांत काना व वेलांटी धरून पांच खुणा आहेत. म्हणजे पंधरा बाइट.

‘बग’ म्हणजे किडा, यंत्रांतील दोष. १९४७ च्या सप्टेंबरांत हार्वर्ड विद्यापीठाच्या एका गणकयंत्रांत खरोखरच पतंग सांपडला व तो नोंदवहींत चिकटविण्यांत आला. ती वही अमेरिकेंतील संग्रहालयांत आहे. परंतु शब्द तेथें जन्मला नाहीं. एडिसन यांनीं १८७८ सालींच एका पत्रांत तो वापरला होता. पतंग चिकटविणाऱ्यांना विनोद कळत होता, इतकेंच.

‘इंटरनेट’ समजावयाचें तर आधीं ‘पॅकेट’ समजलें पाहिजे. लांबलचक पत्राचीं पानें वेगळीं करावीं, प्रत्येकावर पत्ता व अनुक्रम घालावा आणि तीं वाटेल त्या मार्गानें पाठवावीं. पोंचल्यावर क्रमानें लावून घ्यावीं. एक वाट बंद पडली तर पान दुसरीनें जातें. अमेरिकेंत पॉल बॅरन यांनीं व इंग्लंडांत डोनाल्ड डेव्हिस यांनीं स्वतंत्रपणें ही युक्ति काढली. ‘पॅकेट’, म्हणजे पुडकें, हें नांव डेव्हिस यांचें. २९ ऑक्टोबर १९६९ रोजीं लॉस एंजेलिसच्या विद्यापीठांतून स्टॅनफर्डच्या संशोधन संस्थेकडे ‘लॉगिन’ हा शब्द धाडावयाचा होता. पहिलीं दोन अक्षरें पोंचलीं आणि तिकडील यंत्र बंद पडलें. तासाभरानें संपूर्ण शब्द गेला.

‘वेब’ला इंटरनेट समजणें म्हणजे टपालाच्या पत्रालाच रस्ता समजणें होय. १ जानेवारी १९८३ पासून निरनिराळीं जाळीं एकाच नियमानें बोलूं लागलीं, तो रस्ता. त्यावरून एकमेकांना जोडलेलीं पानें नेण्याची योजना टिम बर्नर्स-ली यांनीं १९८९ सालीं जिनीव्हाजवळील सर्न या संस्थेंत मांडली. ३० एप्रिल १९९३ रोजीं त्या संस्थेनें ही योजना कोणासहि विनामूल्य वापरण्यास मोकळी केली. हिंदुस्थानांत विदेश संचार निगमानें ही सोय जनतेसाठीं १५ ऑगस्ट १९९५ पासून सुरू केली. त्या वेळीं टेलिफोनच्या तारेवरून जोडणी होई, आणि घरांत कोणीं इंटरनेटवर बसलें कीं बाहेरून येणाऱ्याला टेलिफोन गुंतलेला लागे.