मुंबई–सुएझ आगबोट मार्ग

अरबी समुद्र व तांबडा समुद्र यांतून मुंबईला ईजिप्तशी जोडणारा टपाल व प्रवासी वाहतुकीचा मार्ग. त्यावरील पहिली सफर ‘ह्यू लिंडसे’ या आगबोटीने 1830 मध्ये केली.

त्यापूर्वी इंग्लंडचे टपाल शिडाच्या जहाजांतून आफ्रिकेला वळसा घालून येई. त्यास चार ते सहा महिने लागत. मुंबई सरकारने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर लंडनहून येईपर्यंत वर्ष उलटे व तोवर प्रश्नच पुष्कळदा निकालात निघालेला असे. गव्हर्नर सर जॉन मॅल्कम (1769–1833) याला हा विलंब विशेष जाचत असे. पावसाळ्यात त्याचा मुक्काम पुण्याजवळील दापोडी येथे असे. पेशव्यांच्या पदरी असलेल्या कवायती पलटणीचा अधिकारी कॅप्टन फोर्ड याचा तेथील बंगला 1828 मध्ये सरकारने विकत घेतला होता. बोरघाटातील गाडीरस्ताही मॅल्कमच्याच कारकीर्दीत, नोव्हेंबर 1830 मध्ये, खुला झाला. दळणवळण हा त्याच्या कारभाराचा जिव्हाळ्याचा विषय होता, असे म्हणता येईल. मुंबईच्या आरमाराचा प्रमुख त्याचाच भाऊ सर चार्ल्स हा होता, हेही या उपक्रमास अनुकूल ठरले.

वाफेची शक्ती तेव्हा नवीन राहिली नव्हती. स्वित्झर्लंडमधील जिनीव्हा सरोवरात 1823 पासून ‘गीयोम टेल’ ही आगबोट उतारूंची ने-आण करीत होती. परंतु सरोवरात किनारा कधीच दूर नसतो. कोळसा वा लाकूड संपले, तरी ते काही तासांत मिळते. मुंबई ते एडन या सु. 1,650 सागरी मैलांत तशी सोय कोठेच नव्हती. खरी अडचण वेगाची नसून कोळशाची होती.

‘ह्यू लिंडसे’ मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्यातील नौरोजी जमशेटजी यांच्या देखरेखीखाली बांधली गेली व ऑक्टोबर 1829 मध्ये पाण्यात उतरली. तिचे वजनमान 411 टन असून तीत प्रत्येकी 80 अश्वशक्तीची दोन एंजिने होती. तिची रचना सु. साडेपाच दिवसांच्या कोळशापुरतीच होती, एडनला मात्र अकरा दिवस लागणार होते. तेव्हा उतारूंच्या खोल्यांतही कोळसा भरण्यात आला. कमांडर जॉन विल्सन याच्या हाताखाली ती 20 मार्च 1830 रोजी निघाली. एडनला पोहोचली, तेव्हा जेमतेम सहा तासांचा कोळसा उरला होता. वारा थोडा प्रतिकूल असता, तर हा प्रयोग भर समुद्रात फसला असता. 22 एप्रिलला ती सुएझला लागली. या 33 दिवसांपैकी प्रत्यक्ष प्रवासाचे सु. 21 च होते. बाकीचे वाटेतील मुक्कामांत, मुख्यतः कोळसा भरण्यात, गेले. हा कोळसाही आधी शिडाच्या जहाजांनी तेथे नेऊन ठेवावा लागे.

कंपनीच्या लंडनमधील संचालकांना हा खर्च पसंत पडला नाही. मॅल्कम मात्र डिसेंबर 1830 मध्ये याच बोटीने स्वदेशी परतला. पुढे ब्रिटिश संसदेच्या समितीने 1834 मध्ये या मार्गाचा विचार केला. जानेवारी 1839 मध्ये इंग्रजांनी एडन जिंकून घेतले. कोळशाच्या वखारीसाठी हक्काचे बंदर हवे, हे त्यामागील एक प्रमुख कारण होते. सुएझ कालवा 1869 मध्ये खुला होईपर्यंत उतारूंना सुएझला उतरून खुष्कीने भूमध्य समुद्र गाठावा लागे.