ठशांचा बाजार : एचिंगच्या संग्राहकांची गोष्ट, १९०० ते १९२९

लंडनमधील चित्रविक्रेत्याकडे नाव नोंदवायचे, नवा ठसा निघताच ठरल्या किमतीस घ्यायचा आणि काही महिन्यांनी लिलावात कितीतरी अधिक पौंडांना विकायचा. १९२० च्या दशकात हा व्यवहार शेअरबाजाराच्या धर्तीवर चालत असे. मालाचे स्वरूप मात्र अगदी साधे होते : कागदावर काळ्या शाईत उमटलेला एखादा पूल, देवालय किंवा मोडकळीस आलेली इमारत. ही होती एचिंग.

आधी तंत्र समजून घेतले पाहिजे, कारण बाजाराचे सारे रहस्य तिथेच आहे. तांब्याच्या पत्र्यावर मेणाचा लेप देऊन कलावंत सुईने रेखाटन करतो. पत्रा आम्लात बुडवला की जिथे मेण निघाले तिथे आम्ल तांबे खाते. त्या खाचांत शाई भरायची, पृष्ठभाग पुसायचा, वर ओलसर कागद ठेवून पत्रा रुळांखालून काढायचा. ड्रायपॉइंट या प्रकारात आम्ल नसतेच. सुई थेट तांब्यात ओढतात. रेषेच्या कडेला तांब्याचा बारीक कंगोरा वर येतो, तो शाई धरून ठेवतो आणि रेषा मखमलीसारखी उमटते. पण रुळाच्या दाबाखाली हा कंगोरा लवकर झिजतो. म्हणजे ड्रायपॉइंटचे पहिले ठसे खरोखरच दुर्मिळ असत. आम्लाने खोदलेल्या पत्र्याचे तसे नव्हते. त्यावर पोलादाचा पातळ मुलामा दिला तर शेकडो ठसे निघू शकत. तरीही आवृत्ती बहुधा शंभराच्या आत ठेवीत आणि मग पत्र्यावर रेघा ओढून तो रद्द करीत. ही दुर्मिळता निसर्गाची नव्हती, ठरवून घडवलेली होती.

या परंपरेचा आद्यपुरुष पॅरिसचा शार्ल मेरियाँ. तो मूळचा नौदल अधिकारी, आणि रंगांध. म्हणून रंग सोडून त्याने काळ्या रेषेचा आश्रय घेतला. १८५० च्या दशकात जुने पॅरिस पाडले जात असताना त्याने ते तांब्यावर कोरले. हयातीत त्याला फारसे ग्राहक मिळाले नाहीत आणि १८६८ मध्ये वेड्यांच्या इस्पितळात त्याचा अंत झाला. पुढे त्याच ठशांसाठी संग्राहकांची चढाओढ लागली. त्यानंतर व्हिसलरने व्हेनिस कोरले, सीमोर हेडनने १८८० मध्ये लंडनला एचिंगकारांची संस्था उभारली, आणि ठशाखाली पेन्सिलीने सही करण्याची रीत रुळली.

विसाव्या शतकाच्या आरंभी बाजारात तीन स्कॉटिश नावे गाजत होती : डी. वाय. कॅमेरॉन, म्युरहेड बोन आणि जेम्स मॅकबे. कॅमेरॉनचे नाव डोंगराळ प्रदेश आणि जुनी देवालये यांसाठी. मॅकबे हा ॲबर्डीनमधील बँकेत कारकून. ग्रंथालयातील पुस्तकावरून त्याने ही कला आत्मसात केली, पहिले ठसे कपडे पिळण्याच्या रुळांवर काढले, आणि १९१० मध्ये नोकरी सोडली. जुन्या हातकागदाचा त्याला विलक्षण सोस होता.

बोनची गोष्ट अधिक लक्षणीय. वास्तुकलेचे शिक्षण घेतलेल्या या माणसाचे मन इमारत बांधताना आणि पाडताना दिसणाऱ्या परांचीत अधिक रमे. ज्या सेंट जेम्स हॉलमध्ये १८७० साली डिकन्सने अखेरचे जाहीर वाचन केले, त्याचे पाडकाम त्याने १९०६ च्या ड्रायपॉइंटमध्ये टिपले. सभागृह गेले, परांचीच्या जंगलात हरवलेले त्याचे अंतरंग कागदावर राहिले. (बंगालचे मुकुल डे लंडनमध्ये याच बोनच्या मार्गदर्शनाखाली शिकले.)

जाणता संग्राहक भिंगाने पाही ते निराळेच : पत्र्याच्या कडेचा दाब कागदावर स्पष्ट आहे का, ठसा पत्र्याच्या कोणत्या अवस्थेतला आहे, कागद जुना आहे की यंत्रावरचा. पण दशकाच्या अखेरीस चित्र न पाहताच आवृत्तीत नाव नोंदवणारे वाढले. ते चित्र विकत घेत नव्हते, पुढचा गिऱ्हाईक विकत घेत होते.

ऑक्टोबर १९२९ मध्ये न्यूयॉर्कचा शेअरबाजार कोसळला. अमेरिकन खरेदीदार निघून गेले आणि भाव घसरले. तरुण ग्रॅहम सदरलँड तेव्हा खेड्यांची, शेतांची एचिंग करून पोट भरीत होता. त्याला चित्रकलेकडे वळावे लागले, आणि विसाव्या शतकातील एक मोठा ब्रिटिश चित्रकार त्यातून घडला. चिपिंग कॅम्पडनच्या एफ. एल. ग्रिग्जने वाट बदलली नाही. धर्मसुधारणेच्या काळात नष्ट झालेल्या मठांची, देवळांची कल्पनाचित्रे तो १९३८ मधील मृत्यूपर्यंत कोरीत राहिला.

या साऱ्या गदारोळात कॅम्पबेल डॉजसन निराळ्या हेतूने खरेदी करीत होता. १९१२ ते १९३२ या काळात तो ब्रिटिश म्युझियमच्या मुद्राचित्र विभागाचा प्रमुख होता. समकालीनांचे ठसे तो स्वतःच्या पैशाने घेई, पुनर्विक्रीसाठी नव्हे. १९४८ मध्ये तो वारला तेव्हा ५,००० हून अधिक ठसे मृत्युपत्राने म्युझियमकडे आले. आजही तेथील अभ्यासकक्षात आगाऊ वेळ ठरवून म्युझियमच्या संग्रहातील ठसे पाहता येतात.