मातीची घट्ट मूठ

वैशाखात आपल्या काळ्या रानात हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि आषाढात तीच जमीन फुगून त्या मिटवते. ही करामत चिकणमातीच्या थरांची. याच थरांचा आणखी एक गुण किरणोत्सारी कचरा आवरण्याच्या कामी येतो. त्या गुणाचा शोधही शेतातूनच सुरू झाला.

इंग्लंडमधील यॉर्कशायरचे जमीनदार एच. एस. थॉम्पसन यांनी मातीतून अमोनियम सल्फेटचे पाणी झिरपवले, तर खाली उतरले जिप्समचे पाणी! अमोनिया गेला कुठे? रॉयल ॲग्रिकल्चरल सोसायटीचे रसायनतज्ज्ञ जे. थॉमस वे यांनी अनेक प्रयोग केले आणि १८५० साली उत्तर दिले : चिकणमाती अमोनिया ठेवून घेते आणि बदल्यात कॅल्शियम सोडते. या मातीचे कण वहीच्या पानांसारखे थरांचे असतात. थरांवर ऋण विद्युतभार असल्याने धनभारित कण, म्हणजे आयन, त्यांच्यामध्ये जाऊन बसतात, हे पुढे कळले.

वे यांना चिंता होती खताची. शंभर वर्षांनी चिंता बदलली. अणुभट्टीत युरेनियमचे विखंडन झाले की सीझियम-१३७ आणि स्ट्रॉन्शियम-९० तयार होतात. दोघांचीही किरणोत्सारिता निम्मी व्हायला सुमारे ३० वर्षे लागतात. सीझियम पोटॅशियमच्या वाटेने पिकात आणि शरीरात शिरतो. स्ट्रॉन्शियम कॅल्शियमसारखा हाडांत ठाण मांडतो. अभ्रकाच्या जातीची माती सीझियमला मुळातच घट्ट धरते, कारण थरांमधील खोबणीत तो नेमका बसतो. स्ट्रॉन्शियम मात्र आपल्याभोवतीचे पाण्याचे कवच सहजी सोडत नाही आणि निसटतो.

मग मातीच नव्याने घडवली तर? अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठात श्रीधर कोमरनेनी आणि सहकाऱ्यांनी असे अभ्रक बनवले, की त्यात सिलिकॉनच्या निम्म्या जागा ॲल्युमिनियमने घेतल्या आणि थरांवरचा ऋणभार खूप वाढला. हे अभ्रक स्ट्रॉन्शियम वेचून घेते, असे त्यांनी १९९२ मध्ये दाखवले. रेडियमही पकडते, हे २००१ मध्ये. आयन आत शिरला की थर मिटतात आणि तो अडकून पडतो. १९९८ मध्ये त्यांनी हे अभ्रक भाजलेल्या केओलिनपासून, म्हणजे चिनी मातीपासूनही तयार केले.

मातीच्या या मुठीची दुसरी बाजू जपानने पाहिली. मार्च २०११ च्या फुकुशिमा दुर्घटनेनंतर बहुतेक सीझियम जमिनीच्या वरच्या पाच सेंटिमीटरमध्येच अडकला. भातशेतीत पोटॅश घातल्यावर तो पिकातही फारसा उतरेना. माती राखणदार ठरली खरी. पण सीझियम तिला सोडेना, म्हणून पिढ्यान्पिढ्या कसलेली वरची मातीच खरवडून काढावी लागली. अशी सुमारे १ कोटी ४० लाख घनमीटर माती ओकुमा आणि फुताबा या गावांत आणून ठेवली गेली. २०४५ पर्यंत ती फुकुशिमाबाहेर न्यावी, असा तिथला कायदा सांगतो. पण ती आपल्या दारात कोण घेणार?

माती किरणोत्सार नष्ट करीत नाही. ती त्याला जागेवर धरून ठेवते. सीझियम हजारांश उरायला तीनशे वर्षे लागतात. तेवढा काळ माती मूठ मिटून बसेल. तेवढा काळ तिच्यावर लक्ष ठेवण्याचे काम मात्र माणसाचे आहे.

(रेडिओवरील भाषणावरून संपादित)