सोनेरी कुत्रं आणि सहाची लाइट

तर झालं असं की, गेल्या विकांताला केजला गेलो होतो. जेवण होतंय न होतंय तोच आईचं फर्मान निघालं, "माळ्यावरचा तुझा तो डबा एकदाचा भंगारात तरी दे, नाहीतर पुण्याला तरी घेऊन जा." डबा म्हणजे माझा पहिला संगणक. 2011 साली, मी आठवीत असताना घेतलेला. डबा भंगारात गेला, पण त्यातली हार्ड डिस्क तेवढी काढून आणली. आणि हापिसातल्या एका मित्राच्या अडॅप्टरवर ती चक्क चालू झाली! आत काय सापडलं? दहावीच्या प्रोजेक्टची फाइल, हिंदी गाण्यांचे तीन फोल्डर आणि पोकेमॉन एमराल्ड या खेळाची सेव्ह फाइल, वजन 128 केबी.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी : आपण एका पोराच्या भूमिकेत गवतातून चालत जातो, मध्येच एखादा प्राणी समोर उडी मारतो, त्याला लढून दमवायचं आणि बॉलमध्ये पकडायचं. मग तोच आपल्या बाजूने लढतो. झालं. एवढ्यावर जगातली दोन-तीन पिढ्यांची पोरं वाया गेली :)

याची सुरुवात किड्यांपासून झाली. सातोशी ताजिरी हा 1965 चा जन्म, वाढला टोकियोच्या कडेला माचिदा भागात. किडे पकडण्याचा एवढा नाद की पोरं त्याला डॉक्टर किडा म्हणायची. पुढे शहर वाढलं, तळी बुजली, शेतांवर इमारती आल्या आणि किडे गेले. मग हा व्हिडिओ गेमच्या नादाला लागला. 1983 साली 'गेम फ्रीक' नावाचं हाताने लिहिलेलं मासिक काढलं, 1989 साली त्याच नावाची कंपनी काढली. दोन गेम बॉय जोडणारी केबल पाहिल्यावर त्याला तिच्यातून इकडून तिकडे सरपटत जाणारा किडा दिसला, असं सांगतात. सहा वर्षं खपून 27 फेब्रुवारी 1996 ला जपानात 'रेड' आणि 'ग्रीन' असे दोन खेळ बाजारात आले. काही प्राणी फक्त एकात, काही फक्त दुसऱ्यात. म्हणजे सगळे 150 हवे असतील तर मित्र हवाच.

आणि 151 वा? त्याचं नाव म्यू. शेवटच्या टप्प्यात चाचणीसाठीचा कोड काढून टाकल्यावर कार्ट्रिजवर साधारण 300 बाइट जागा उरली. तिथे शिगेकी मोरिमोटो या प्रोग्रामरने गुपचूप हा प्राणी बसवून दिला. (रिलीजच्या तोंडावर कोडमध्ये असला हात घातला तर आमचा मॅनेजर मला बसवून देईल.) नंतर एका मासिकाने वीस वाचकांना म्यू देण्याची सोडत जाहीर केली, तर अठ्ठ्याहत्तर हजार अर्ज आले म्हणे.

दुर्मिळतेची ही चटक कंपनीने नीट ओळखली. 1999 च्या नोव्हेंबरमध्ये 'गोल्ड' आणि 'सिल्व्हर' आले. आता खेळात रंग होते, आणि त्या रंगांत एक खोडी होती. एखादा प्राणी नेहमीच्या रंगाऐवजी भलत्याच रंगाचा निघायचा. त्याला लोक 'शायनी' म्हणू लागले. शक्यता 8192 त एक. हा आकडा आला कुठून? प्रत्येक प्राण्याला हल्ला, बचाव, वेग आणि विशेष शक्ती यांसाठी 0 ते 15 असा एकेक छुपा आकडा मिळतो. त्यातले शेवटचे तीन बरोब्बर 10 असायला हवेत आणि हल्ल्याचा आकडा सोळापैकी आठ ठराविक आकड्यांपैकी एक. सोळाचा घन 4096, गुणिले दोन, 8192. किती स्वस्तात काम झालं बघा! रंगासाठी वेगळी जागाच ठेवली नाही, आहे त्याच आकड्यांतून नशीब काढलं. 2013 नंतरच्या खेळांत ही शक्यता दुप्पट केली, 4096 त एक. पण माझा खेळ जुना, त्यामुळे मला 8192 च लागू.

इथे एक गैरसमज. 8192 वेळा प्रयत्न केला की एक मिळणारच, असं नाही. तेवढं करूनही रिकाम्या हाताने परतणारे शंभरातले सदतीसच्या आसपास असतात. उलट एखाद्याला पहिल्याच गवतात मिळतो.

आम्हाला मिळाला होता.

2012 चा उन्हाळा. केजला तेव्हा लोडशेडिंगचं वेळापत्रक म्हणजे पंचांग. लाइट यायच्या आधी मी आणि माझा बाकावरचा मित्र संगणकासमोर मांडी घालून तयार. यूपीएस वगैरे चैन नव्हती. खेळ अर्थातच चोरीचा, अंबाजोगाईच्या एका नेट कॅफेतून पेन ड्राइव्हवर आणलेला, आणि व्हिज्युअल बॉय अ‍ॅडव्हान्स या एम्युलेटरवर चालवलेला. खराखुरा गेम बॉय आम्ही कधी बघितलाही नव्हता. कीबोर्ड माझ्याकडे, सल्ले त्याच्याकडे. रूट 117 च्या गवतात एक पूच्येना समोर आला. पूच्येना म्हणजे त्या खेळातलं गावठी कुत्रं, पायलीचे पन्नास, रंग राखाडी. हे पिवळंधमक होतं! वर चांदण्या चमकल्या. "आरं, हे सोन्याचंय!" मित्र ओरडला. मी बॉल निवडायला खालचा बाण दाबला आणि लाइट गेली.

सहा वाजले होते.

शाळेत कुणीही विश्वास ठेवला नाही. पुरावा शून्य, साक्षीदार एक, आणि तोही माझाच माणूस.

आता त्या उन्हाळ्यात आम्ही आणखी एक खूळ घेतलं होतं, त्याशिवाय ही गोष्ट पुरी होत नाही. त्या खुळाचं नाव नझलॉक. 2010 साली निक फ्रँको नावाच्या एका अमेरिकन विद्यार्थ्याने 'रूबी' हा खेळ खेळताना स्वतःलाच दोन नियम घालून घेतले. एक, प्रत्येक नव्या जागी जो प्राणी पहिल्यांदा भेटेल तेवढाच पकडायचा, सुटला तर सुटला. दोन, लढाईत जो पडला तो मेला. खेळात खरं तर कुणी मरत नाही, दवाखान्यात नेलं की ठणठणीत. पण याने पडलेल्यांना सोडून द्यायचं ठरवलं आणि त्या प्रवासाची ओबडधोबड चित्रकथा जालावर टाकली. तिच्यात नझलीफ नावाच्या प्राण्याला 'लॉस्ट' मालिकेतल्या जॉन लॉकचा चेहरा दिला होता, म्हणून नझलॉक. पुढे लोकांनी भर घातली : प्रत्येक प्राण्याला नाव द्यायचंच, म्हणजे तो मेल्यावर जास्त लागेल!

मरण खेळात नवीन नव्हतं. 1980 च्या 'रोग' या खेळात मेलात की सेव्ह फाइलच पुसली जायची. पण तिथे नियम यंत्राचा होता. नझलॉकमध्ये यंत्राला पत्ताच नाही. नियम मोडलात तर खेळ एका शब्दाने बोलणार नाही, उलट दवाखान्यातली बाई हसून प्राणी बरा करून देईल. पाहणारे तुम्हीच.

ही कल्पना आम्हाला अजिबात परकी वाटली नाही. माझी आजी चातुर्मासात कांदा, लसूण, वांगं सोडायची. कुणी सांगितलं होतं? कुणीच नाही. कोण तपासणार होतं? कुणीच नाही. आणि पळवाटाही होत्याच की. एकादशीला भाकरी चालत नाही, पण दक्षिण अमेरिकेतून आलेला बटाटा चालतो. नझलॉकमध्येही अशी पोटकलमं आहेत. पहिलाच भेटलेला प्राणी आधी पकडलेल्या जातीचा असेल तर पुढचा चालतो. आणि शायनी दिसला तर सगळे नियम बाजूला, तो कुठेही, कितवाही चालतो. म्हणजे आमचं सोनेरी कुत्रं कायद्याने आमचंच होतं.

आम्ही प्राण्यांना वर्गातल्या पोरांची टोपणनावं दिली होती. दहा अक्षरांत बसतील अशी. मित्राचं नाव दिलं होतं मडकिपला. मडकिप म्हणजे चिखलातला मासा, पुढे त्याचा दांडगा स्वॅम्पर्ट होतो. त्याच्यावर आमची सगळी भिस्त. दसऱ्यानंतर मित्राचे आईबाप नेहमीप्रमाणे ऊसतोडीला निघाले. त्या वर्षी धाकट्या बहिणीला सांभाळायला तोही गेला. आमच्या वर्गात दिवाळीनंतर बाक रिकामे होणं नवीन नव्हतं, बीड जिल्ह्यात कुणालाच ते नवीन नाही. पण तो बाक माझा होता. जाताना म्हणाला, "माझ्यावाल्याला मरू देऊ नको."

पाचवा जिमप्रमुख नॉर्मन. हा खेळातल्या नायकाचा बाप, आणि त्याच्याकडे स्लेकिंग नावाचं आळशी, पण एका फटक्यात आडवं करणारं माकड. पूर्वीच हरवायला हवा होता, पण मी भीतीने टाळत होतो. शेवटी एका रात्री मी एकटाच बसलो. स्लेकिंगच्या दुसऱ्या फटक्यात स्वॅम्पर्ट पडला.

एम्युलेटरमध्ये शिफ्ट एफ-1 दाबलं की त्या क्षणाचा फोटो निघतो, नुसतं एफ-1 दाबलं की त्या क्षणाला परत जाता येतं. मी लढाईआधी फोटो काढून ठेवला होता. म्हणजे मनात आधीपासूनच होतं. एफ-1 दाबलं.

तो मार्चअखेर परत आला तेव्हा त्याला स्वॅम्पर्ट दाखवला. खूश झाला. मी काही बोललो नाही. नववीची परीक्षा त्याने दिली नाही, पुढच्या वर्षी शाळेतही आला नाही. मी खेळ बंद केला, अभ्यासाचं कारण सांगून.

परवा ती फाइल उघडली तर स्वॅम्पर्ट अजून संघात पहिला. लेव्हल 41.

पुढचं फक्त नोकरीमुळे सुचलं. एमराल्डमध्ये एक प्रसिद्ध चूक आहे. संगणकाला खरं नशीब येत नाही, तो एका आकड्याला 1103515245 ने गुणतो, 24691 मिळवतो, खालचे 32 बिट ठेवतो आणि त्यालाच यदृच्छा म्हणतो. पहिला आकडा म्हणजे बीज, आणि ते दर वेळी वेगळं पेरलं पाहिजे. एमराल्डमध्ये खेळ सुरू केला की बीज दर वेळी शून्यच! म्हणजे आकड्यांची ओळ कायम तीच. सेकंदाला साधारण साठ घरं या वेगाने ती पुढे सरकते आणि सगळे 4,29,49,67,296 आकडे संपायला सव्वादोन वर्षं लागतात. तुमचं नशीब म्हणजे तुम्ही कुठल्या घरावर बटण दाबलंत, एवढंच. शायनी ठरतो तो या ओळीतले आकडे आणि तुमच्या खेळाडूचे दोन क्रमांक यांच्या मेळावर. ते क्रमांक सेव्ह फाइलमध्ये आहेत.

थोडक्यात, लाइट गेल्याने ते कुत्रं नाहीसं झालं नाही. ते 2012 पासून त्याच घरात बसलेलं आहे.

रात्री पायथॉनमध्ये पन्नास ओळी लिहिल्या. दोन तासांत घरं येतात साधारण चार लाख तीस हजार. त्यात शायनीची पन्नासेक. पूच्येनाच येईल अशी त्याहून कमी. लढाईत ओळ वेगळ्या वेगाने सरकते, त्याचाही अंदाज धरला. आता फक्त एवढंच हवं होतं की त्या दिवशी संगणक नेमका किती वाजता चालू केला होता.

साक्षीदार एकच. नंबर आईकडून मिळाला. त्याचा आता स्वतःचा ट्रॅक्टर आहे, हंगामात कारखान्याच्या रांगेत असतो, फोन तिथूनच उचलला. आधी दहा मिनिटं घरची चौकशी. मग मी बिचकत विषय काढला.

"सोन्याचं कुत्रं?" तो हसायलाच लागला. "आरं, मी आजपण पोराला सांगतो. इस्वास नाही ठेवत."

लाइट चार वाजता आली होती, हे त्याला पक्कं आठवत होतं, कारण त्याआधी आम्ही पिठाच्या गिरणीवर थांबलो होतो आणि लाइट आल्या आल्या दळण टाकून पळालो होतो. मी उत्साहात त्याला बीज, घरं, साठचा वेग वगैरे सगळं सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं.

"पण तू स्पेस दाबून धरायचा की," तो म्हणाला. "पळवायला."

खरंच की! एम्युलेटरमध्ये स्पेसबार दाबून धरला की खेळ कित्येक पट वेगाने पळतो. लाइट जायच्या आत जास्तीत जास्त खेळायचं म्हणून मी सारखा तेच करायचो. म्हणजे चार लाख तीस हजार हा आकडा बाद. दहा लाख असतील, वीस लाखही असतील.

"आन् माझ्यावाला?" त्याने विचारलं. "जित्ता हाय का आजून?"

मागे कुणीतरी ट्रॅक्टरचा हॉर्न वाजवला, रांग पुढे सरकली होती. "थांब, लावतो तुला नंतर," म्हणत त्याने फोन ठेवला.