आधी विचारा, पायली कुठली?

आमच्या रत्नागिरीकडं भात पायलीनं मोजायचे आणि खंडीनं सांगायचे. पायली मात्र सगळीकडं सारखी नसे. त्यामुळं 'दहा पायल्या' एवढ्यावर व्यवहार ठरत नसे; कुठली पायली, हे आधी विचारावं लागे. १९५६ चा वजन-मापांचा कायदा झाला, किलो-लिटर आले, आणि बाजारातला हा घोळ हळूहळू संपला. संगणकात तो नव्यानं सुरू झाला.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आपल्या लोकांनी बांधलेला 'टिफरॅक' १९६० मध्ये कामाला लागला. त्यात आकडा ठेवायचा खण ४० बिटांचा होता. बिट म्हणजे शून्य किंवा एक, एवढंच मावेल अशी जागा. १९६४ मध्ये तिथंच अमेरिकेचा 'सीडीसी ३६००' आला, त्याचा खण ४८ बिटांचा. त्याच वर्षी जाहीर झालेल्या आयबीएमच्या 'सिस्टिम ३६०' चा ३२ चा! अपूर्णांक लिहायची रीतही ज्याची त्याची. त्यासाठी सर्वमान्य प्रमाणक ठरायला १९८५ साल उजाडलं.

यंत्रं जुळली तरी भाषा वेगळ्या. फोरट्रान १९५७ ची, शास्त्रज्ञांची लाडकी. सी ही सत्तरीच्या दशकारंभी डेनिस रिची यांनी घडवलेली. सी आकड्याची नक्कल हातावर ठेवते. फोरट्रानला सहसा आकडा नको असतो, तो कुठं ठेवलाय त्याचा पत्ता हवा असतो. सीनं भाबडेपणानं ५ दिले, की फोरट्रान पाच नंबरच्या घरात आकडा शोधायला निघते! कोष्टक एक आडव्या ओळींनी साठवते, दुसरी उभ्या स्तंभांनी. 'फोरट्रान २००३' या प्रमाणकात सीशी बोलायची रीतसर सोय झाली. माझ्या मते ती फारच उशिरा झाली. तोवर प्रत्येक जण आपापली पळवाट काढत होता.

पण बिट जुळले, पत्ता जुळला, तरी पायली उरतेच. २३ सप्टेंबर १९९९ रोजी नासाचं 'मार्स क्लायमेट ऑर्बिटर' मंगळाजवळ पोचलं आणि कायमचं हरवलं. एका आज्ञावलीनं यानाच्या छोट्या इंजिनांच्या रेट्याचा हिशेब पौंड-सेकंदांत लिहिला होता. पुढच्या आज्ञावलीनं तो न्यूटन-सेकंद समजून वाचला. फरक जवळजवळ साडेचार पटींचा.

मंगळ लांब राहिला. आपल्याकडं हवामानाचं गणित करणारे मोठे कार्यक्रम आजही बहुतांशी फोरट्रानमध्ये आहेत, आणि त्यांचे आकडे घेऊन नकाशे काढणारे बऱ्याचदा सी किंवा पायथनमध्ये. म्हणून या कामाच्या फायलींत आकड्यासोबत त्याचं एककही नोंदवून ठेवायची पद्धत पडली. वाऱ्याचा वेग गणितात सेकंदाला १५ मीटर. तोच ताशी ५४ किलोमीटर, आणि जहाजावर साधारण २९ नॉट. नुसता १५ पुढं गेला आणि मिरकरवाड्याच्या जेटीवर कुणी तो ताशी किलोमीटर समजला, तर होडी बेधडक पाण्यात जाईल.